कॅसेट धुवायची की तशीच ठेवायची?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करा आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचा. विषय पोरखेळाचा वाटेल, पण तो शेवटी आपल्या गावापर्यंत येतो, म्हणून लिहितोय.

तर झालं असं. दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला. जुन्या पितळी भांड्यांच्या मागं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत दोन टीव्ही गेमच्या कॅसेटी, एक मोडका रिमोट आणि वायरींचा गुंता. आई खालून ओरडली, "कशाले ठेवलं हे भंगार? भंगारवाला गल्लीत आलाच आहे, दे त्याले."

मी डबा घेऊन ओट्यावर बसलो. पुण्याला इंजिनिअरिंग करणारा भाचा सुट्टीला आलेला होता. त्याला या वस्तूंचं भारी वेड. त्यानं कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मामा, द्या माझ्याकडे. दोन दिवसांत नवीकोरी करून देतो."

मी नाही म्हणालो. त्याला ते पटलं नाही आणि मलाही लगेच समजावून सांगता आलं नाही. पुढचे चार दिवस आमचा तोच वाद चालला.

आधी नव्या पोरांसाठी थोडं सांगतो, कारण त्यांना 'कॅसेट' म्हणजे काय हेच कळणार नाही.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं. घरच्या टीव्हीला जोडायचं, वरून गेमचा डबा खोचायचा आणि खेळायचं. त्या डब्याला जगात कार्ट्रिज म्हणतात. आपण कॅसेट म्हणायचो, कारण यंत्रात खोचायची दुसरी कुठली वस्तू आपल्याला माहीतच नव्हती. आत फीत नसते. एक छोटी पट्टी असते, तिच्यावर चिप आणि खालच्या कडेला ६० पितळी दिसणारे दात. हे दात यंत्रात नीट टेकले की गेम सुरू.

खरं फॅमिकॉम आपल्या भागात कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडं आल्या त्या त्याच्या नकला. मुंबईहून जळगावच्या फुले मार्केटला, तिथून भुसावळ करत रावेरला. कॅसेटीही बहुतेक नकलीच. 'एकात ९९९९९९ गेम' असं छापलेलं असायचं आणि लावून बघितलं की तेच सात-आठ गेम फिरून फिरून. चिपसुद्धा नीट डबीतली नसायची. पट्टीवर काळ्या रसायनाचा एक थेंब टाकलेला, त्याच्या पोटात सगळा कारभार.

आमच्याकडं शटरचा टीव्ही होता. अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची आणि बटण फिरवत चॅनेल शोधायचं. सापडलं की मुंग्या जाऊन चित्र यायचं. गेम लागला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. ही फुंकर आपल्या पिढीला कुणी शिकवली देव जाणे, पण जपानपासून ब्राझीलपर्यंत सगळी पोरं तेच करत होती. खुद्द निन्टेन्डो सांगत होती की फुंकू नका, तोंडाच्या वाफेनं दात गंजतात. गेम सुरू व्हायचा तो फुंकरीनं नव्हे, कॅसेट काढून परत नीट खोचल्यामुळं.

कॅसेट विकत घेणं परवडायचं नाही. त्या भाड्यानं मिळायच्या. स्टेशनकडं जाताना एक दुकान होतं, एका रात्रीचे दहा रुपये. दुकानदार प्रत्येक कॅसेटवर लाल ऑइलपेंटनं नंबर टाकायचा, म्हणजे अदलाबदल केली तर पोरगं पकडलं जाईल. पुढं ते दुकान बंद झालं, तेव्हा त्यानं उरलेल्या कॅसेटी वीस-वीस रुपयांना काढल्या. मी आणि माझ्या एका मित्रानं प्रत्येक कॅसेटमागं दहा-दहा रुपये घालून दोन घेतल्या. एक मारिओची आणि एक कॉन्ट्राची. डब्यात निघाल्या त्या याच.

त्या मित्राचं नाव इथं लिहीत नाही. घरच्यांना विचारलेलं नाही. ओळखणारे ओळखतील.

आता या दोन कॅसेटींची आजची हालत सांगतो.

कॉन्ट्राच्या कॅसेटचं कव्हर मुळात राखाडी, आता गाईच्या तुपासारखं पिवळं पडलंय. लेबल अर्धं उडालंय. वर लाल रंगात ४१ नंबर. एका कोपऱ्यावर काळपट तपकिरी डाग. तो केळीच्या चिकाचा आहे. मित्राच्या घरचा केळीचा मळा होता. कापणीच्या दिवशी तो बागेतून थेट खेळायला यायचा आणि हात धुवायचा कंटाळा करायचा. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मभर जात नाही हे रावेरच्या माणसाला सांगायला नको. प्लास्टिकलाही तो तसाच बसला.

आणि मागच्या बाजूला निळ्या बॉलपेननं लिहिलंय: "वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टाट." स्टार्टचा रफार त्यानं गिळलाय.

हे काय आहे, ते चाळिशीतल्या लोकांना लगेच कळलं असेल. सुरुवातीच्या पडद्यावर ही बटणं या क्रमानं दाबली की कॉन्ट्रात तीनऐवजी तीस जीव मिळायचे. या क्रमाची गोष्ट नंतर कळली. जपानच्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रामर होते. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' या गेमची फॅमिकॉमसाठी आवृत्ती करताना त्यांना तपासणीसाठी तो पूर्ण खेळावा लागायचा आणि गेम इतका अवघड की त्यांनाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली. ती काढायची राहून गेली आणि पुढं जगभर गेली. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले.

जपानमधल्या एका माणसाची ही युक्ती रावेरच्या सातवीतल्या पोरापर्यंत पोचली, तीही तोंडोतोंडी. बहुधा बऱ्हाणपूरच्या कुणा मावसभावाकडून. पोरानं ती मराठीत लिहून ठेवली. दुकानात नवी कॉन्ट्रा मिळाली असती, तर तिच्यावर हे लिहिलेलं मिळालं असतं का?

आता दुसरी कॅसेट, मारिओची. ती अगदी चकाचक आहे.

ती मी केली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसून होतो. मोबाइलवर जुन्या वस्तू नव्या करणारे व्हिडिओ बघायचा नाद लागला. गंजलेला अडकित्ता घेतात आणि आरशासारखा करून दाखवतात. बघायला फार गोड वाटतं. मग मी मारिओची कॅसेट काढली. रंगाच्या कामातलं थिनर घरात होतं, त्यानं घासली. लाल नंबर गेला, काळपटपणा गेला, प्लास्टिकही जरासं विरघळून गुळगुळीत झालं. लेबल खरवडलं, इंटरनेटवरून मूळ चित्र काढलं, जळगावहून चकचकीत कागदावर छापून आणलं आणि चिकटवलं. फोटो टाकला, भरपूर लाइक आले. त्या पोस्टखाली मित्राची कॉमेंट होती: "भाऊ, आपली नावं कुठं गेली?"

त्या कॅसेटच्या मागं त्यानं आमची दोघांची नावं लिहिली होती. आधी त्याचं, मग माझं, मध्ये अधिकचं चिन्ह. दहा-दहा रुपयांच्या भागीदारीचा तो करारनामा. मी उत्तर लिहिलं, "परत लिहू की, त्यात काय." हसरा चेहरा टाकला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तो गेला. ते दिवस कसे होते, ते कुणाला सांगायला नको.

मी भाच्याला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, वाईट वाटलं. पण तुम्ही एक चूक केली म्हणून दुसरी कॅसेट सडू द्यायची का?"

हा मुद्दा बिनतोड होता. त्याचं म्हणणं असं होतं. जुनं तसंच ठेवू म्हणणारे लोक प्रत्यक्षात काहीच करत नाहीत. डबा माळ्यावर टाकतात आणि त्याला जतन म्हणतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल? दात गंजतायत, प्लास्टिक ठिसूळ होतंय, शाई फिकी होतेय. शिवाय कॅसेट ही खेळायची वस्तू. ती चालत नसेल तर ती कॅसेट कसली? "आजोबांचं घड्याळ बंद पडलं तर दुरुस्त करतोच ना? की बंद पडलं हाच इतिहास म्हणून ठेवतो?"

मी म्हणालो, घड्याळाचं मशीन दुरुस्त कर, पण पट्ट्याला पडलेलं मनगटाचं वळण सरळ करू नको.

"आणि इतकी मळकी वस्तू जगात कोण जपतं?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. अमेरिकेतल्या अटारी कंपनीनं १९८२ च्या शेवटी 'ई.टी.' नावाचा गेम काढला. पाच आठवड्यांत घाईनं केलेला. तो इतका आपटला की १९८३ मध्ये कंपनीनं न विकलेल्या कॅसेटी ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोच्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. तीस वर्षं लोक म्हणत होते की ही दंतकथा आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिथं खणलं आणि कॅसेटी निघाल्या. ई.टी.च्या आणि इतरही, तेराशेच्या आसपास वर काढल्या. त्यातली एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं त्याच वर्षी ठेवून घेतली. ई.टी.ची कोरी कॅसेट त्यांना केव्हाही मिळाली असती. लाखोंनी छापली होती. पण त्यांना कचऱ्यातून निघालेलीच हवी होती, कारण गोष्ट तिच्या अंगावर होती. ती धुऊन नवी केली असती, तर ती लाखांतली एक झाली असती.

भाचाही कच्चा नाही. तो म्हणाला, "मामा, बाजार उलटं सांगतो." आणि ते खरं आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' ची सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. कधीच न उघडलेली, कुणीच न खेळलेली. बाजाराला पोराचा हात न लागलेली कॅसेट प्यारी. मग मी त्याला विचारलं, ती कॅसेट आपल्याला काय सांगते? कारखान्यातून पेटी कशी निघाली, एवढंच. ती कुठल्या गल्लीत गेली, किती पोरांनी तिच्यापायी मार खाल्ला, हे ती सांगू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी तो तडजोड घेऊन आला. "ठीक आहे, मागचं लिहिलेलं पुसायचं नाही. पण त्याच्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात मारू. अक्षर कायमचं सुरक्षित."

मला हे पटायला आलं होतं. हो म्हणणारच होतो, तेवढ्यात अजिंठा आठवला.

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. आपण पाहुणे आले की नेतो, शाळेची सहल नेतो. पण तिथल्या चित्रांचं शंभर वर्षांपूर्वी काय झालं, ते सहलीत कुणी सांगत नाही. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी, चांगला माणूस, चित्रांची काळजी असलेला. त्यांच्या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे मदतनीस काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी काम केलं. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी परत धरून ठेवला. ते काम मोलाचं. पण चित्रं टिकावीत, खुलून दिसावीत म्हणून त्यांच्यावर लाखेचं वॉर्निश दिलं. तेव्हा चित्रं झळाळून उठली असतील. पुढं ते वॉर्निश पिवळं पडलं, काळवंडलं, त्यात धूळ आणि काजळी अडकली. खाली चित्र आणि वर काचेसारखा मळका थर. तो थर काढायचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याला पुढं कित्येक दशकं करावं लागलं. १९९९ नंतर खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह यांच्या देखरेखीखाली काही गुंफांतला तो थर उतरवला, तेव्हा कुठं मूळ रंग परत दिसू लागले.

त्या इटालियन माणसांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळातलं उत्तम तंत्र त्यांनी वापरलं. चूक एवढीच की जे पुढच्या माणसाला सहज काढता येणार नाही, ते त्यांनी मूळ वस्तूवर लावलं. आज आपल्याला लॅकर उत्तम वाटतंय. वीस वर्षांनी ते पिवळं पडलं तर? आणि ते काढायला जे द्रावण वापरशील, त्यानं बॉलपेनची शाई आधी जाईल.

भाचा म्हणाला, "मग नुसती कॉपी काढून ठेवू. फोटो, स्कॅन."

ते तर करायचंच. पण त्याचीही गोष्ट अजिंठ्याची आणि आपल्या अगदी जवळची आहे. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं तिथं राहून मोठाले कॅनव्हास रंगवले. ते लंडनला नेऊन क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले आणि १८६६ च्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून परत नकला केल्या. त्यातल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. झिजलेली, पोपडे निघालेली मूळ चित्रं मात्र डोंगरात होती तिथंच आहेत. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. रोज रेल्वेनं भुसावळला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

अजिंठ्याचीच अजून एक गोष्ट भाच्याला सांगितली. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ हा इंग्रज कॅप्टन शिकारीच्या निमित्तानं तिथं पोचला आणि गुंफा १० मध्ये बोधिसत्त्वाच्या चित्रावर त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. शुद्ध विद्रूपीकरण. आज कुणी असं केलं तर पोलीस नेतील आणि न्यायलाच हवं. पण ते कोरलेलं नाव आज कुणी घासून काढायचं म्हणत नाही. बाहेरच्या जगाला अजिंठा परत कधी कळला, याचा तो पुरावा झालाय. म्हणजे डाग कधी घाण असतो आणि कधी कागदपत्र. कोणता डाग कोणता, ते घासायच्या आधी ठरवावं लागतं. घासल्यावर ठरवता येत नाही, हे मी स्वतः शिकलोय.

शेवटी आम्ही कॅसेटची तीन भागांत वाटणी केली.

पहिला भाग, जे सडतंय. दातांवरचा गंज. तो वाढतच जाणार, म्हणून तो थांबवायचा. कान साफ करायच्या कापूसकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भाच्यानं एकेक दात पुसला. खोडरबर वापरायचं नाही म्हणाला, त्यानं वरचा पातळ मुलामा खरवडला जातो. काम करताना त्यानं कॅसेट उघडून पट्टी बाहेर काढली आणि कव्हर दुसऱ्या खोलीत ठेवलं. कारण अल्कोहोलचा एक थेंब मागच्या अक्षरांवर पडला असता तर निळा ओघळ झाला असता. त्याची ही काळजी बघून मला बरं वाटलं.

दुसरा भाग, ज्यानं ती चालते. चिपच्या आतला गेम. त्याची प्रत संगणकावर काढून ठेवायची. मूळ 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. आपण सकाळी सकाळी ग्रुपवर टाकतो त्या गुलाबाच्या फुलाचा फोटो त्याहून मोठा असतो. जगप्रसिद्ध गेमच्या प्रती जगात ठिकठिकाणी आहेत, पण आपल्याकडच्या या नकली, बारभाई कॅसेटींत कुणी काय भरलं होतं, याची नोंद कुणी ठेवणार नाही. ज्या कंपनीचा माल चोरला, ती कशाला ठेवेल? आणि ज्यानं चोरून छापला, तो तर मुळीच ठेवणार नाही. ठेवली तर आपणच.

तिसरा भाग, माणसांनी मागं सोडलेलं. ४१ नंबर, चिकाचा डाग, अर्धं लेबल, मागचं अक्षर. याला हात लावायचा नाही. चारी बाजूंनी फोटो काढायचे, काय काय केलं ते तारखेसह वहीत लिहायचं, कॅसेट कागदात गुंडाळून उजेड आणि उष्णता नसलेल्या ठिकाणी ठेवायची. माळ्यावर नाही. आता ती आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे.

आणि पिवळेपणा? हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की प्लास्टिक पांढरं होतं. ही युक्ती जुन्या संगणकांच्या शौकिनांनी २००८ च्या सुमारास काढली. ऊन तर आपल्याकडं फुकट आहे. पण पांढरं केलेलं परत पिवळं पडतं आणि त्या रसायनात अक्षर टिकलं नसतं. भाच्यानंच तो विचार सोडला. माझी चकाचक मारिओ मात्र त्यानं हातात घेतली आणि म्हणाला, "हिलाही आता तशीच ठेवा मामा. तुमचं थिनर हाही हिचा इतिहासच." मी काही बोललो नाही, पण पटलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मित्राची मुलगी घरी आली. आठवीत आहे. भाच्यानं गल्लीतल्या एकाकडून जुना टीव्ही आणला होता, यंत्रही खटपट करून चालू केलं होतं. तिनं आधी मारिओची कॅसेट उचलली. साहजिक आहे, ती छान दिसते. मग दुसरी उलटी केली आणि बोट ठेवून वाचू लागली. वर वर खाली खाली.

"हे पप्पांचं अक्षर आहे?"

म्हटलं, हो. तुझ्याएवढा होता तेव्हाचं. जरा लहानच.

ती म्हणाली, "ते स्टार्ट असंच लिहायचे. शेवटपर्यंत." आणि हसली. मग तिनं रिमोट घेतला आणि कॅसेटवर वाचून तीच बटणं दाबली. तीस जीव आले.

भाचा माझ्याकडं बघत होता. आमचा वाद तिथं संपला. जिंकला कुणीच नाही. दात त्यानं पुसले नसते तर गेम लागला नसता. अक्षर पुसलं असतं तर तिला वाचायला काही उरलं नसतं.

आता गावाचं.

आपल्या रावेरचं सरकारदप्तरी काय राहतं? सातबारा राहतो, जन्म-मृत्यूच्या नोंदी राहतात, निवडणुकांचे निकाल राहतात, केळीचे भाव राहतात. १९९० च्या दशकात इथली पोरं संध्याकाळी काय करत होती, हे कुठल्याच दप्तरात नाही. ते अशा डब्यांत आहे. आणि दर दिवाळीला आपण त्यातलं थोडं भंगारात घालतो, नाहीतर धुऊन टाकतो.

हेच आपण मोठ्या वस्तूंचंही करतो. कुणाचं नाव घेत नाही, कारण हे एका गावाचं नाही. जुन्या काळ्या दगडाच्या देवळाला भाविकांनी हौसेनं ऑइलपेंट दिलेला तुम्हीही पाहिला असेल. शंभर वर्षांपूर्वीची देणगीदारांची पाटी नव्या टाइल्सच्या मागं गेलेली पाहिली असेल. जुन्या वहीचं पानन्‌पान लॅमिनेट केलेलं पाहिलं असेल, जे आता प्लास्टिकपासून कधीच सुटं होणार नाही. प्रत्येक ठिकाणी भावना चांगली, खर्च लोकवर्गणीचा आणि नुकसान कायमचं. 'सुशोभीकरण' म्हटलं की निधी लवकर मिळतो. 'आहे ते टिकवणं' याला निधीही नाही आणि उद्घाटनाची फीतही नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

आपल्या भाषेत जीर्णोद्धार हा शब्द आहे. जे जीर्ण आहे त्याचा उद्धार. जीर्णपणा पुसून टाका, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

म्हणून विनंती एवढीच. गावात कुठल्याही जुन्या वस्तूला, वास्तूला हात लावायच्या आधी तीन प्रश्न विचारा. यातलं खरंच सडतंय काय? आपण जे करतोय ते उद्या कुणाला काढता येईल का? आणि यावर कुणाचा हात उमटलाय का? उत्तर मिळेपर्यंत थिनरची बाटली बंद ठेवा.

आणि तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर कॉमेंटमध्ये फोटो टाका. मळकाच टाका. लाल रंगात नंबर टाकलेली कॅसेट कुणाकडं निघाली तर आवर्जून सांगा. ४१ माझ्याकडं आहे, म्हणजे आधीच्या ४० कुठंतरी असणारच. मागच्या बाजूचाही फोटो काढा. पोरं लिहायची ती मागंच.